ऐंशीचं दशक आणि इंदूरचं मराठी घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी महिन्यातून एकदा जुन्या कॅसेटी ऐकायची बैठक असते. चहा, पोहे आणि दोन तास गाणी. येणाऱ्यांत माझ्या वयाचे लोक असतात, तशी त्यांची मुलं-सुनाही असतात, आणि प्रश्न दर वेळी साधारण तेच असतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं मनात होतं. इथे आहे ते हिंदी-मराठी लोकप्रिय गाण्यांबद्दल, रेडिओ-टीव्हीबद्दल आणि ते सगळं इंदूरच्या मराठी घरात कसं पोचलं त्याबद्दल.

तुम्ही ऐंशीचं दशक नेमकं कुठून कुठपर्यंत धरता?

कॅलेंडरप्रमाणे १९८० ते १९८९. माझा हिशेब थोडा वेगळा आहे. माझ्या मनात हे दशक ३१ जुलै १९८० ला सुरू होतं, मोहम्मद रफी गेले त्या दिवशी. मी दहा वर्षांची होते. बाबा रेडिओसमोरून उठले नाहीत आणि आईनं त्यांना जेवायला हाक मारली नाही, एवढं आठवतं.

शेवट सांगायचा तर १२ डिसेंबर १९९१ ला इंदूरची हुकुमचंद कापड मिल बंद पडली आणि बरोबर एका महिन्यानं, १२ जानेवारी १९९२ ला, देवासला कुमार गंधर्व गेले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला झी टीव्ही सुरू झाला आणि घरात केबल शिरली. तिथून पुढचं सगळं निराळं. त्यामुळे माझं दशक बारा वर्षांचं आहे, आणि बैठकीतही आम्ही तेवढंच धरतो.

तेव्हा इंदूरला टीव्हीवर मराठी कार्यक्रम दिसायचे का?

नाही, आणि हे समजल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं. पुण्या-मुंबईची आमची भावंडं त्यावर मराठी नाटकं, मराठी गप्पा, मराठी बातम्या बघत मोठी झाली. आमच्याकडे दिसायचं ते दिल्लीचं. मे महिन्यात दादरला आत्याकडे गेलो की तिची मुलं कुठल्या तरी कार्यक्रमातल्या वाक्यांवर हसायची आणि आम्ही दोघी बहिणी नुसत्या बघत राहायचो. सिनेमातल्या गाण्यांसाठी गुरुवारी त्यांचं ‘छायागीत’, आमचं बुधवार-शुक्रवारचं ‘चित्रहार’. नटनट्या त्याच, पण आठवडा वेगळा.

एक खिडकी होती. रविवारी दुपारी राष्ट्रीय प्रसारणावर प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत, खाली इंग्रजी अक्षरं. बंगाली, मल्याळम, कन्नड असं चालू असायचं आणि कधी तरी पाळी मराठीची यायची. त्या दिवशी जेवणं लवकर उरकून शेजारपाजारचे सगळे मराठी लोक ज्यांच्याकडे टीव्ही त्यांच्याकडे जमत. चित्रपट बहुतेकदा गंभीर असे. आम्हा मुलांना तो कळला नाही तरी पडद्यावर आपली भाषा बोलतात, याचंच अप्रूप होतं.

मग मराठी गाणी पोचायची कशी?

हातानं. हिंदी गाणं हवेतून आपोआप यायचं, मराठी गाणं कुणी तरी पिशवीतून आणायचं.

मुंबई-पुण्याहून येणारा प्रत्येक पाहुणा दोन-तीन कॅसेटी घेऊन यायचा. काही जण आग्रा-मुंबई रस्त्यानं बसनं येत, धुळे आणि सेंधवा करत. काही खंडव्यापर्यंत मोठ्या गाडीनं येऊन पुढे महूमार्गे इंदूरला येणाऱ्या छोट्या लाइनीत बसत. काळाकुंड-पाताळपाणीचा घाट चढत ती गाडी येई. बॅग उघडली की आधी बाकरवडी नाही, कॅसेट बाहेर निघायची. सुधीर फडक्यांचं गीतरामायण, भीमसेनजींची अभंगवाणी, वसंतराव देशपांड्यांची नाट्यगीतं, पु. ल. देशपांड्यांचं कथाकथन. पुलंच्या कॅसेटी तर आमच्या गल्लीत हातोहात फिरायच्या आणि परत येईपर्यंत त्यांची वेष्टनं बदललेली असायची.

रात्रीच्या रेडिओचंही सांगायला हवं. मध्यम लहरी दिवसा दूर जात नाहीत, पण सूर्य मावळला की वातावरणाचा वरचा थर त्यांना परत खाली पाठवतो आणि त्या शेकडो किलोमीटर लांब पोचतात. त्यामुळे रात्री नऊनंतर मुंबई केंद्र खरखरत का होईना, आमच्या मर्फीवर लागायचं. आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. भावगीताचं धृपद ऐकू यायचं आणि अंतरा विरून जायचा. कितीतरी गाणी मला अशी अर्धीच पाठ झाली. त्यांचे अंतरे मी लग्नानंतर पुण्यात राहिले तेव्हा पहिल्यांदा पूर्ण ऐकले.

अरुण दाते इंदूरचे होते हे खरं का?

खरं. जन्म इंदूरचाच, १९३४ चा. वडील रामूभैया दाते म्हणजे इंदूरच्या संगीतरसिकांतलं सगळ्यात मोठं नाव; मोठमोठे गवैये त्यांच्या घरी उतरत आणि त्यांची दाद मिळावी म्हणून गात. अशा घरातला मुलगा शास्त्रीय गायक न होता भावगीताकडे गेला. ‘शुक्रतारा मंद वारा’ हे शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, सोबत सुधा मल्होत्रा. गाणं साठच्या दशकातलं आहे, पण आमच्या घरात ते ऐंशीच्या दशकात कॅसेटवर आलं. दशक म्हणजे गाणं कधी झालं तेवढंच नव्हे, ते आपल्यापर्यंत कधी पोचलं तेही धरावं लागतं. बाहेरगावच्या मराठी माणसाला हा फरक चांगला कळतो.

अरुण दात्यांच्या गाण्यातली ती सभ्य, न ओरडणारी हळुवारता मला अस्सल इंदुरी मराठी वाटते. हे माझं मत आहे, आणि बैठकीत त्यावर दर वेळी वाद होतो.

लताबाई आणि किशोरकुमार दोघंही आपल्याकडचे, हे कितपत बरोबर?

लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ ला इंदूरच्या सिख मोहल्ल्यातला. किशोरकुमारांचा त्याच वर्षी ४ ऑगस्टला, खंडव्याचा. दोन महिन्यांच्या आत, माळवा आणि निमाड अशा शेजारच्या मुलखांत हे दोन आवाज जन्मले. लताबाईंचं कुटुंब इथे राहिलं नाही. किशोरकुमार मात्र शिकायला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात होते, आणि कँटीनच्या उधारीची त्यांची गोष्ट इथला प्रत्येक माणूस आपल्या आजोबांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो.

मध्य प्रदेश शासनानं १९८४ मध्ये लताबाईंच्या नावानं पुरस्कार सुरू केला. पहिला नौशाद यांना मिळाला, दुसरा किशोरकुमार यांना. त्यानंतर फार दिवस उरले नव्हते. १३ ऑक्टोबर १९८७ ला ते गेले. तो त्यांच्या थोरल्या भावाचा, अशोककुमारांचा वाढदिवस. त्यांना मुंबईहून खंडव्याला आणलं. आमच्या ओळखीतले किती तरी जण त्या दिवशी इंदूरहून मिळेल त्या गाडीनं खंडव्याला गेले. माझा मोठा भाऊ गेला होता. परत आल्यावर तो काही बोलला नाही. कॅसेट लावली आणि दिवा मालवून बसला.

ऐंशीच्या दशकात हिंदी संगीत बिघडलं असं म्हणतात. खरंच इतकं वाईट होतं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि मला तो सगळ्यांत जास्त लागतो, म्हणून उत्तर लांब आहे.

बिघडलं होतं, ते टॉकीजमधलं संगीत. त्याला कारण होतं. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर. कुटुंबं घरात बसून सिनेमा बघू लागली. टॉकीजकडे उरला तो तरुण मुलांचा गट, आणि निर्माते त्यांच्यासाठी मारामारीचे सिनेमे काढू लागले. अशा सिनेमात गाण्याला जागा कमी, असेल ती नाचासाठी. वाद्यवृंदातली माणसं कमी होऊन ठोक्याची यंत्रं आली. ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. त्याला नावं ठेवणारे आमचे काका गणपतीत त्याच ठोक्यावर टेबल वाजवायचे हे मी पाहिलं आहे, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. ठोका चांगलाच होता.

पण त्याच दशकात ‘उमराव जान’ आहे, १९८१ चा. खय्यामनी आशाबाईंना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं, आणि तो आवाज आपण आधी ऐकलाच नव्हता असं वाटलं. ‘बाजार’ १९८२ चा, ‘मासूम’ १९८३ चा, ‘इजाजत’ १९८७ चा. राहुल देव बर्मनना तेव्हा काम कमी मिळत होतं आणि त्यांनी त्या काळात जे केलं ते आज सगळे शोधून ऐकतात. मराठीत ‘उंबरठा’ १९८२ चा, हृदयनाथांचं संगीत. एवढं असल्यावर दशक वाईट म्हणवत नाही.

माझं म्हणणं असं, की त्या दहा वर्षांत गाणं टॉकीजमधून निघालं आणि घरात राहायला आलं. गझल बघा. जगजित-चित्रा सिंग, पंकज उधास, अनुप जलोटांची भजनं. यातलं बहुतेक सिनेमाबाहेरचं. कॅसेट नसती तर आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घरात, भाजी निवडताना, गालिब कुणी ऐकला असता? १९८८ मध्ये टीव्हीवर ‘मिर्झा गालिब’ आलं तेव्हा माझ्या आईला त्यातल्या चार गझला पाठ झाल्या. उर्दू तिला वाचता येत नव्हतं. अवघड शब्दांचे अर्थ तिनं शेजारच्या बोहरी मावशींना विचारून देवनागरीत वहीत लिहून घेतले. ती वही बैठकीत ठेवलेली असते.

‘कॅसेट भरून देणं’ म्हणजे काय?

तरुण मंडळींना हे समजावून सांगावं लागतं. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दुकानदाराला द्यायची. तो त्याच्याकडच्या रेकॉर्डींवरून ती गाणी क्रमानं उतरवून द्यायचा. चार दिवस लागायचे. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सी-९० म्हणजे पंचेचाळीस. यादी करणं हे कौशल्य होतं : कुठल्या गाण्यानंतर कुठलं, बाजू संपता संपता अर्धवट तुटणारं गाणं नको, रागावलेल्या बहिणीसाठी कुठलं घालायचं. माझ्या लग्नात मैत्रिणींनी मला अशी भरलेली कॅसेट दिली होती.

कायद्याच्या दृष्टीनं हे बरोबर नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या तबकड्या महाग होत्या आणि हवं ते गाणं दुकानात असेलच असं नव्हतं. मग टी-सीरीजच्या स्वस्त कॅसेटी आल्या. जुनी गाणी नव्या आवाजांत गाऊन काढलेल्या; कॉपीराइट कायद्यात अशा पुनर्गायनाला तेव्हा वाट होती. मूळ गाण्याची सर त्यांना नव्हती, पण पानाच्या टपरीवर, टेम्पोत, वडिलांच्या पगारात न बसणाऱ्या घरांत गाणं नेलं ते त्यांनी. त्यांना कमी लेखणं मला जमत नाही.

गीतमाला इंदूरला ऐकू यायची का?

बुधवारी रात्री आठ, रेडिओ सिलोन, अमीन सायानी. लघुलहरी असल्यामुळे सिलोन आम्हाला मुंबईपेक्षा स्पष्ट लागायचं. १९५२ पासूनचा हा कार्यक्रम १९८९ मध्ये विविध भारतीवर आला. वर्षाअखेरचं सरताज गीत, म्हणजे पहिल्या क्रमांकाचं गाणं, कुठलं यावर घरात पैज लागायची, पैज म्हणजे सराफ्यातली रबडी. आकाशवाणी इंदूर, म्हणजे मालवा हाउस, याचं आमच्या दिवसात वेगळं स्थान होतं : सकाळचं घड्याळच ते.

रामायणाच्या वेळी रस्ते खरंच ओस पडायचे?

हो. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी. पोह्यांचे ठेलेसुद्धा थंड असायचे, आणि इंदूरला रविवार सकाळी पोह्याचा ठेला थंड असणं म्हणजे काय ते इंदूरकराला सांगायला नको. मला स्वतःला त्याआधीचं ‘हम लोग’ जास्त जवळचं. १९८४-८५ मध्ये भाग संपला की अशोककुमार येऊन बोलायचे, आणि आजी म्हणायची, “खंडव्याचे दादामुनी काय म्हणतात ऐका जरा.”

मराठी सिनेमे टॉकीजला लागायचे का?

क्वचित, आणि लागले तरी बहुधा सकाळच्या खेळाला. रीगल, स्टारलिट, मधुमिलन, सपना-संगीता ही हिंदी सिनेमांची घरं. टॉकीजचे दिवस सरले, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आजही मधुमिलन चौराहा, रीगल तिराहा, सपना-संगीता रोडच म्हणतो.

मराठी सिनेमा आम्हाला भेटला तो व्हीसीआरवर. रात्रभरासाठी मशीन भाड्यानं आणायचं, वर्गणी काढायची, अंगणात सतरंजी. ‘धूमधडाका’ १९८५ चा, ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. कॉपी इतकी खराब की चेहरे हिरवे दिसायचे, तरी सगळे हसून हसून लोळत. दादरच्या आत्येभावंडांबरोबर पहिल्यांदा एकाच वाक्यावर हसले ती त्यानंतरची मे महिन्याची सुट्टी.

‘मैंने प्यार किया’चं संगीत मराठी माणसाचं होतं?

राम-लक्ष्मण नावानं काम करणारे विजय पाटील, नागपूरचे. जोडीदार राम लवकर गेले, पाटलांनी नाव तसंच ठेवलं. दादा कोंडक्यांच्या सिनेमांना संगीत देत ते वर आले. डिसेंबर १९८९ मध्ये हा सिनेमा आला आणि गाणं पुन्हा टॉकीजकडे वळलं. पुढच्या वर्षी ‘आशिकी’नं उरलेलं काम केलं.

अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांत तेव्हा कुठली गाणी वाजायची?

सगळी. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, प्रत्येक मिलची झाँकी, म्हणजे मिरवणुकीतला चित्ररथ, रात्रभर चालायची आणि पहाटे उजाडत संपायची. मिल कामगार स्वतः दिव्यांची, हलणाऱ्या पुतळ्यांची रचना करत. भक्तिगीत, डिस्को, लेझीमचा ढोल, आखाड्यांचे डाव. मिली बंद पडल्यावरही झाँक्या थांबल्या नाहीत. ज्यांच्या हाताचं काम गेलं होतं त्यांनी वर्गणीतून त्या उभ्या केल्या. याबद्दल मला बोलायला लागलं की आवाज भरून येतो, म्हणून इथे थांबते.

घरात जुन्या कॅसेटी सापडल्या आहेत. लगेच लावून बघू का?

नका लावू. आधी उजेडात धरून काचेतून फीत बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या कॅसेटींना हमखास लागते. अशी कॅसेट चालवली तर ती बुरशी मशीनच्या डोक्यावर (फीत वाचणाऱ्या हेडवर) आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर जाते. ती वेगळी ठेवा आणि जाणकाराकडे द्या.

फीत स्वच्छ असेल तर खालच्या बाजूला मध्यभागी असलेला नमद्याचा छोटा तुकडा बघा. त्याचा गोंद वाळून तो पडलेला असतो, मग आवाज दबलेला येतो आणि लोकांना वाटतं कॅसेट गेली. दुसऱ्या टाकाऊ कॅसेटीतला तुकडा बसवता येतो. त्यानंतर वरच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या मोडा. त्या मोडल्या की चुकून त्यावर रेकॉर्डिंग होत नाही. हे मी कळकळीनं सांगते आहे.

मशीनचं डोकं कापसाच्या बोळ्यानं, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रबरी चाकाला ते फार लावू नका, रबर कडक होतं. कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं घट्ट बसलेली फीत मोकळी होईल. सी-६० मध्ये सुमारे ८६ मीटर फीत असते. सी-९० ची फीत त्याहून पातळ, म्हणून ती लवकर ओढली जाते आणि तिच्याशी जास्त जपून वागावं लागतं. काही वेळा गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी तेच गाणं बारीक ऐकू येतं. तो दोष नाही, एकमेकांवर गुंडाळलेल्या थरांमधून चुंबकत्व उतरलेलं असतं.

संगणकावर उतरवताना एमपीथ्री नको, वेव्ह फाइल ठेवा. जागा जास्त लागते, पण नंतर पस्तावायला होत नाही.

ही सगळी गाणी इंटरनेटवर मिळतात. मग कॅसेट जपायची कशाला?

गाणी मिळतात. आमच्याकडे एक सी-६० आहे, वर आईच्या अक्षरात ‘भावगीतं, रात्रीची’ असं लिहिलेलं. मुंबई केंद्रावरून खरखरीसकट भरलेली. दुसरी बाजू संपत येते तिथे एक गाणं मध्येच तुटतं, बटण दाबल्याचा आवाज येतो आणि मग आजी म्हणते, “अगं, चालू आहे का ते?” मग ती तीन ओव्या म्हणते, जात्यावरच्या. चौथीला शब्द आठवत नाहीत, ती आईला विचारते, आई सांगते. दोघीही आता नाहीत. त्या ओव्यांतली दुसरी मी अजून कुठल्याही संग्रहात वाचलेली नाही.

माझ्याकडच्या कॅसेटी बैठकीला आणल्या तर चालतील का?

जरूर आणा. आतला कागद टाकून देऊ नका, त्यावरची यादी आम्हाला हवी असते. हातानं लिहिलेली असेल तर फारच उत्तम. आणि शेवटचं गाणं संपलं असं वाटलं तरी फीत अगदी शेवटपर्यंत चालवू, पंधरा-वीस मिनिटं जास्त लागली तरी. तेवढा वेळ काढून या.